सर रॉबर्ट ग्रँट : गीतकार आणि गव्हर्नर

कोयली-बडोद्याकडील आपले मराठी बंधुभगिनी मुंबईस जातात तेव्हा बहुधा मुंबई सेंट्रलला उतरतात. तेथून लोकल गाडीने चर्चगेटकडे निघाले की पुढचेच स्टेशन ग्रँट रोड. भायखळ्यास सर जे. जे. रुग्णालयाला जोडून असलेले ग्रँट मेडिकल कॉलेजही आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. आपल्या मंडळ्यांतील कित्येक मुलेमुली तेथे शिकून डॉक्टर झाली असतील. पुण्याच्या छावणीतील सेंट मेरीज चर्चमध्ये याच नावाच्या गृहस्थाचा देह पुरलेला आहे. आणि ज्या मंडळ्यांत इंग्रजी उपासना होते तेथे ओ वर्शिप द किंग हे १०४ व्या स्तोत्रावर आधारलेले गीत गाइले जाते, त्याचा कर्ताही हाच गृहस्थ. त्याचे नाव सर रॉबर्ट ग्रँट.

मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफशी आपले वाचक त्याची गल्लत करतील म्हणून आधीच सांगितले पाहिजे की, हे दोघे वेगळे. रॉबर्ट ग्रँट हे इंग्लंडच्या पार्लमेंटचे सभासद, नामांकित बॅरिस्टर आणि १८३५ पासून १८३८ पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्यांनी राज्यकारभारही केला आणि देवाची स्तुतीही रचली. मनुष्य उपासनेत जे गातो ते त्याच्या हाती सत्ता आल्यावर कितपत टिकते, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून आपल्यापुढे उभा राहतो. शास्त्रलेखाने दावीद राजाची स्तोत्रेही जपली आणि त्याची चूकही झाकून ठेवली नाही. तोच नियम येथेही पाळणे योग्य होईल.

रॉबर्ट यांचे घराणे मूळ स्कॉटलंडमधील. आजोबा अलेक्झांडर ग्रँट हे हाडाचे लढवय्ये. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर इंग्लंडच्या राजघराण्याविरुद्ध बंड करून उठलेल्यांचा पुरता पराभव झाला. त्या लढाईत अलेक्झांडर पराभूतांच्या बाजूने लढले होते, आणि त्याच दिवशी त्यांच्या घरी चार्ल्स हा मुलगा जन्मास आला. हाच रॉबर्टचा पिता. गरिबीत वाढलेला चार्ल्स नशीब काढण्यासाठी बंगालमध्ये आला, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरला आणि त्या काळच्या इतर साहेबांप्रमाणे पैसा, जुगार आणि कर्ज यांच्या भोवऱ्यात सापडला.

१७७६ साली कलकत्त्यात देवीची साथ आली. थोड्याच दिवसांच्या अंतराने चार्ल्स व जेन ग्रँट यांच्या दोन्ही चिमुकल्या मुली त्या रोगाने गेल्या. त्या दुःखात चार्ल्स ग्रँट यांचे मन परमेश्वराकडे वळले. पूर्वीची राहणी सुटली, कर्जे फिटली, आणि हा मनुष्य कंपनीच्या चाकरीत प्रामाणिकपणाबद्दल ओळखला जाऊ लागला. १७८७ मध्ये कलकत्त्याचे जुने मिशन चर्च त्याच्या वृद्ध मिशनऱ्याच्या कर्जापायी लिलावात जाण्याची पाळी आली, तेव्हा चार्ल्स ग्रँट यांनी दहा हजार रुपये देऊन ते सोडविले व उपासनेसाठी खुले ठेवले.

मुलींच्या मृत्यूनंतर या घरात दोन मुलगे झाले. थोरला चार्ल्स १७७८ मध्ये आणि धाकटा रॉबर्ट १७७९ मध्ये. म्हणजे आपले चरित्रनायक जन्माने हिंदुस्थानातलेच. ज्या घरात ते वाढले तेथे शोकही होता आणि त्या शोकातून उमललेली भक्तीही होती. रॉबर्ट दहा-अकरा वर्षांचे असताना, १७९० मध्ये, हे कुटुंब इंग्लंडला परतले आणि पुढे लंडनजवळच्या क्लॅपहॅम या गावी राहू लागले.

क्लॅपहॅमचे नाव मंडळीच्या इतिहासात विसरण्याजोगे नाही. गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर झुंजणारे विल्यम विल्बरफोर्स, दानशूर सावकार हेन्री थॉर्न्टन, झकॅरी मेकॉले आणि चार्ल्स ग्रँट ही मंडळी तेथे शेजारीपाजारी नांदत होती. एकत्र प्रार्थना करावी, एकत्र विचार करावा आणि मग पार्लमेंटात, वर्तमानपत्रांत व व्यापारात आपला विश्वास अमलात आणावा, अशी त्यांची रीत होती. १७९९ ची चर्च मिशनरी सोसायटी व १८०४ ची बायबल सोसायटी यांच्या उभारणीत या मंडळींचा मोठा हात होता. लहानग्या रॉबर्टने देवघरातील प्रार्थना आणि दिवाणखान्यातील राजकारण एकाच छपराखाली ऐकले.

चार्ल्स ग्रँट पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले. आपल्या मराठी मंडळ्यांवर त्यांचे एक विशेष ऋण आहे. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईच्या बंदरात उतरले. त्यांना हाकलून लावावे असा वरून हुकूम होता. मुंबईत गव्हर्नर नेपियन यांनी त्यांना सवड दिली, आणि लंडनमध्ये संचालकांपुढे चार्ल्स ग्रँट यांनी त्यांची बाजू मांडली. मिशनरी राहिले. त्यांच्यापासून जी अमेरिकन मराठी मिशन सुरू झाली तिने मुंबईत, अहमदनगरात आणि गावोगाव काय केले हे या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. त्याच १८१३ साली पार्लमेंटने कंपनीच्या सनदेत मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी करणारे कलम घातले, त्यासाठी विल्बरफोर्स यांच्याबरोबर ग्रँट पितापुत्रांचा गट झटला होता.

रॉबर्ट आणि थोरले चार्ल्स हे दोघे भाऊ केंब्रिजच्या मॉडलीन कॉलेजात एकाच वेळी दाखल झाले. दोघेही असामान्य बुद्धीचे. १८०१ च्या पदवी परीक्षेत गणितात थोरला चौथा व धाकटा तिसरा आला; प्राचीन भाषांच्या पदकांत थोरला पहिला व धाकटा दुसरा. भावाभावांची अशी चढाओढ असूनही त्यांच्यात कधी दुरावा आला नाही. रॉबर्ट मरण पावल्यावर त्यांच्या कविता गोळा करून छापल्या त्या या थोरल्या भावानेच.

कायद्याचा अभ्यास पुरा करून रॉबर्ट १८०७ मध्ये बॅरिस्टर झाले. १८१३ मध्ये त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहास व तिचा कारभार यांवर पुस्तके लिहिली. १८१८ मध्ये ते प्रथम पार्लमेंटात निवडून आले. तो जॉर्ज नावाच्या राजांचा काळ होता. १७१४ पासून १८३० पर्यंत एकामागून एक चार जॉर्ज इंग्लंडच्या गादीवर बसले. त्या काळचे पार्लमेंट आजच्यासारखे लोकांचे नव्हते. मताचा हक्क मूठभरांना, जागा पुष्कळशा बड्या जमीनदारांच्या खिशात, आणि उमराव सभेत बिशप व सरदार यांचाच शब्द चाले. ग्रँट घराणे वंशपरंपरेचे सरदार नव्हते, तरी विद्या, संपत्ती व ओळखी यांच्या बळावर ते त्या वर्गात जाऊन बसले. थोरले चार्ल्स तर १८३५ मध्ये लॉर्ड ग्लेनेल्ग झाले. अशा वर्तुळात ज्यांना प्रवेश मिळाला ते बहुधा मागून दार लावून घेतात. रॉबर्ट ग्रँट यांनी मात्र बाहेर राहिलेल्यांसाठी ते उघडण्याचा यत्न केला.

बाहेर राहिलेले हे लोक म्हणजे यहूदी. इंग्लंडमध्ये पूर्वी राष्ट्रीय मंडळीबाहेरच्या कोणालाही सरकारी अधिकार मिळत नसत. १८२८ मध्ये इतर प्रॉटेस्टंट पंथीयांवरील बंधने उठली, १८२९ मध्ये रोमन कॅथलिकांवरील उठली. यहूद्यांना मात्र पार्लमेंटात बसता येत नव्हते, कारण सभासदाने घ्यावयाच्या शपथेत ख्रिस्ती विश्वासाचा उल्लेख होता. प्रामाणिक यहूदी ती शपथ घेऊ शकत नव्हता. अप्रामाणिक मनुष्याला मात्र ती घेण्यास काहीच अडचण नव्हती!

आयझॅक लायन गोल्डस्मिड या यहूदी गृहस्थाने आपल्या लोकांची कैफियत पुढे आणली आणि ती पार्लमेंटात मांडण्याचे काम रॉबर्ट ग्रँट यांनी पत्करले. ५ एप्रिल १८३० रोजी त्यांनी विधेयक मांडण्याची परवानगी मागितली. झकॅरी मेकॉले यांचा तरुण मुलगा टॉमस याने पार्लमेंटातले आपले पहिलेच भाषण त्या दिवशी या विधेयकाच्या बाजूने केले. परवानगी ९७ विरुद्ध ११५ मतांनी मिळाली, पण पुढच्या महिन्यात दुसऱ्या वाचनाला विधेयक पडले.

ग्रँट खचले नाहीत. १८३२ च्या सुधारणेने मताचा हक्क वाढला, ग्रँट लंडनच्या फिन्सबरी या नव्या मतदारसंघातून निवडून आले, आणि १८३३ मध्ये त्यांनी तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला. २२ जुलै १८३३ रोजी लोकसभेने, म्हणजे हाऊस ऑफ कॉमन्सने, ५२ विरुद्ध १८९ मतांनी विधेयक मंजूर केले. त्यानंतर आठवड्याच्या आत विल्बरफोर्स देवाघरी गेले. गुलामांच्या मुक्ततेचा कायदा होणार हे त्यांनी मरणापूर्वी ऐकले होते. पण यहूद्यांचे विधेयक उमराव सभेत गेले आणि तेथे ५४ विरुद्ध १०४ मतांनी फेटाळले गेले. पहिला यहूदी सभासद पार्लमेंटात आपल्या पद्धतीने शपथ घेऊन बसला तो १८५८ मध्ये. तोवर ग्रँट यांना जाऊन वीस वर्षे झाली होती. त्यांनी पेरले, कापणी दुसऱ्यांनी केली.

या कामात त्यांचा काही स्वार्थ होता काय? यहूद्यांची मते इतकी थोडी की त्यांच्या जोरावर कोणी निवडून येत नसे. उलट पुष्कळ देवभीरू ख्रिस्ती लोकांनाच हे विधेयक धर्मावरील घाला वाटत होते. ग्रँट यांचा विश्वास पातळ झाला होता असेही नाही. आपला विश्वास सत्य आहे असे ज्याला खरोखर वाटते त्याला दुसऱ्याच्या तोंडी जुलमाने शपथ घालण्याची गरज भासत नाही, हे त्यांच्या कृतीतून दिसते. पुढे ते ज्या इलाख्याचे गव्हर्नर झाले त्यात कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएल लोक होते. घरी मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालविणारे, शब्बाथ पाळणारे म्हणून शनिवार तेली म्हटले जाणारे हे यहूदी आपल्या पुष्कळ वाचकांना ठाऊक आहेत. डॉ. जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले होते.

पार्लमेंटातील या धामधुमीच्या वर्षातच, १८३३ मध्ये, ग्रँट यांचे सुप्रसिद्ध गीत छापले गेले. ते १०४ व्या स्तोत्रावर रचलेले आहे. विल्यम कीथ याने १५६१ मध्ये याच स्तोत्राचे एक छंदोबद्ध रूप केले होते, त्याच्याच चालीने व वृत्ताने ग्रँट यांनी नवी रचना केली. १०४ वे स्तोत्र एकदा उघडून वाचावे. प्रकाश हे देवाचे वस्त्र, ढग हा त्याचा रथ, डोंगरांतून वाहणारे झरे, पाखरांची घरटी, मनुष्याची भाकर, आणि शेवटी ज्याचा श्वास काढून घेतला म्हणजे जो मातीला मिळतो असा प्राणी, हे सर्व त्यात आहे. ज्याच्या कानी रोज राजा, मंत्री व सरदार यांची स्तुती पडत होती त्या मनुष्याने खरा राजा एकच आहे आणि आपण सर्व माती आहोत असे गीत रचावे, हे विचार करण्याजोगे आहे. त्याआधी १८१५ मध्ये त्यांचे एक पश्चात्तापाचे गीतही मासिकात आले होते. त्यात प्रभू येशूचा जन्म, उपास, अश्रू, वधस्तंभ व पुनरुत्थान यांची आठवण देऊन दयेची याचना केलेली आहे. लेंटच्या दिवसांत ते इंग्रजी मंडळ्यांतून अजूनही गातात.

१८२९ मध्ये त्यांचा विवाह मार्गारेट डेव्हिडसन यांच्याशी झाला होता. १८३४ मध्ये मुंबईचे गव्हर्नरपद त्यांच्याकडे आले, सर ही पदवी मिळाली, आणि मार्च १८३५ मध्ये त्यांनी मुंबईत सूत्रे हाती घेतली. बालपणी सोडलेल्या या देशात ते पन्नाशी उलटल्यावर परत आले.

पेशवाई बुडून तेव्हा सतराच वर्षे झाली होती. देशावरील कुणबी सरकारी साऱ्याखाली चिरडला जात होता. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२७ नंतर पुणे जिल्ह्यात जमिनीची पाहणी करून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरविला होता. कागदावर हिशेब नीट दिसत होता, पण पाहणी चुकीची व लाचलुचपतीने बरबटलेली, त्यामुळे जमिनी ओस पडल्या, लोक गाव सोडून गेले. ग्रँट यांच्या कारकीर्दीत गोल्डस्मिड व विंगेट या तरुण अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने पाहणी केली. जमिनीचा कस पाहून सारा पुष्कळ कमी केला आणि तो तीस वर्षे वाढणार नाही असे ठरविले. १८३६ पासून हा बंदोबस्त अमलात आला आणि ओस जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या. पुढे साऱ्या इलाख्यात याच धर्तीवर सारापद्धत बसविली गेली. श्रेय मुख्यतः त्या दोघा अधिकाऱ्यांचे, परंतु त्यांना पाठबळ देणारे सरकार ग्रँट यांचे होते.

त्यांच्या मनाशी विशेष जुळलेले काम वैद्यकीय शिक्षणाचे. मुंबईत १८२६ मध्ये एतद्देशीयांसाठी वैद्यकीय शाळा निघाली होती, ती १८३२ मध्ये बंद पडली. पटकी, देवी, ताप यांनी माणसे पटापट मरत, आणि शिकलेला वैद्य म्हणजे लष्कराचा गोरा डॉक्टर. ग्रँट यांनी या देशातल्या तरुणांना पूर्ण वैद्यकशास्त्र शिकविणारे कॉलेज काढावे असा आग्रह धरला. डॉ. चार्ल्स मोरहेड हे त्यांच्या पदरी असलेले डॉक्टर या बेतात त्यांचे उजवे हात होते. आपल्या जन्मापूर्वी दोन बहिणी देवीने गेल्या हे ज्यांच्या घरात विसरले गेले नव्हते, त्यांच्या हातून हे काम व्हावे यात देवाचा हात मानणे फारसे चूक होणार नाही.

आता साताऱ्याची गोष्ट. ती टाळून पुढे गेलो तर हे चरित्र खरे होणार नाही.

साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंह महाराज होते. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनीच १८१९ च्या तहाने त्यांचे राज्य उभे केले होते. महाराज विद्याप्रेमी. त्यांनी शाळा काढल्या, छापखाना आणला, रस्ते केले, शहराला पाणी आणले. परंतु जहागिरींच्या हक्कांवरून मुंबई सरकारशी त्यांचा वाद होता आणि दरबारात त्यांचे शत्रूही होते. १८३६ मध्ये त्यांच्यावर आळ आला की, त्यांनी कंपनीच्या देशी पलटणीतील सुभेदारांना फितविण्याचा यत्न केला. पुढे गोव्याच्या पोर्तुगीजांशी व नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचे आरोप त्यात आणखी मिळविण्यात आले.

मुंबई सरकारने १८३६ च्या ऑक्टोबरात साताऱ्यास तीन अधिकाऱ्यांची गुप्त चौकशी बसविली. महाराजांनी आरोप नाकारले आणि उघड व न्याय्य चौकशी व्हावी अशी मागणी केली. ती उघड चौकशी त्यांना कधीच मिळाली नाही. ग्रँट यांनी मात्र आरोप शाबीत झाले असे मानले आणि त्याच बाजूने कलम चालविली. इकडे लंडनच्या संचालकांना हे प्रकरण पुढे रेटणे पसंत नव्हते, तसे त्यांनी जून १८३८ मध्ये कळविलेही. पण त्या काळी पत्राला समुद्र ओलांडण्यास महिने लागत. ते पत्र येण्यापूर्वीच ग्रँट यांचे आयुष्य संपले. त्यांच्यामागून आलेले गव्हर्नर कर्नाक यांनी सप्टेंबर १८३९ मध्ये महाराजांना पदच्युत केले. न केलेला गुन्हा कबूल करून गादी राखण्यापेक्षा महाराजांनी गादी सोडणे पत्करले. १८४७ मध्ये काशीस ते निवर्तले. त्यांच्यासाठी न्याय मागत रंगो बापूजी गुप्ते चौदा वर्षे लंडनमध्ये उंबरठे झिजवीत राहिले आणि रिकाम्या हाती परतले. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्यच खालसा झाले.

पदच्युतीचा हुकूम ग्रँट यांच्या सहीचा नव्हता हे खरे. परंतु त्या हुकुमाची वाट त्यांच्याच कारकीर्दीत तयार झाली हेही तितकेच खरे. लंडनमध्ये अल्पसंख्य यहूद्यांची कैफियत ज्याने दोन वेळा पार्लमेंटापुढे ठेवली, त्याच कायदेपंडिताने साताऱ्यात एका राजाची कैफियत उघड न्यायासनापुढे येऊ दिली नाही. असे का व्हावे? लंडनमध्ये ते अन्याय झालेल्याच्या शेजारी उभे होते. साताऱ्याच्या प्रकरणात ते सत्तेच्या खुर्चीवर बसले होते. खुर्चीवरून माणूस वेगळा दिसतो. भोवतालचे अधिकारी, गुप्त कागद, राज्याच्या सुरक्षिततेची भीती, हे सारे एकाच बाजूला बोलत असते आणि दुसरी बाजू दरवाजाबाहेर ताटकळत असते. नीतिसूत्रांच्या १८ व्या अध्यायाचे १७ वे वचन प्रथम बोलणाऱ्याविषयी काय सांगते ते वाचकांनी पाहावे. निकदेमाने महासभेत विचारलेला प्रश्नही, योहानाच्या ७ व्या अध्यायातला, येथे आठवतो: मनुष्याचे ऐकून घेतल्यावाचून नियमशास्त्र त्याचा न्याय करते काय? ही वचने ग्रँट यांना ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? वचन ठाऊक असणे आणि ते आपल्याच निर्णयाला लावून पाहणे, यांत अंतर पडले.

१८३८ च्या पावसाळ्यात ग्रँट पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बंगल्यात होते. तेथेच ९ जुलै रोजी त्यांना मृत्यूने गाठले. वयाची साठीही झाली नव्हती. मागे पत्नी, दोन मुलगे व दोन मुली. धाकटा मुलगा तर वर्षाच्या आसपासचा. बिशप हेबर यांनी १८२५ मध्ये समर्पण केलेल्या पुण्याच्या सेंट मेरीज चर्चमध्ये त्यांना पुरण्यात आले. स्तोत्र रचणारा स्तोत्रात म्हटल्याप्रमाणे मातीस मिळाला, आणि ती माती आपल्या पुण्याची होती.

मृत्यूनंतर तीन आठवड्यांच्या आत, २८ जुलै १८३८ रोजी, मुंबईत नागरिकांची सभा भरली. ग्रँट यांनी मनात धरलेले वैद्यकीय कॉलेज हेच त्यांचे स्मारक करावे असे ठरून वर्गणी जमू लागली. सर जमशेटजी जीजीभाई या पारशी दानशूराने रुग्णालयासाठी मोठी देणगी दिली. १८४५ मध्ये रुग्णालय व कॉलेज ही दोन्ही सुरू झाली, आणि डॉ. मोरहेड कॉलेजचे पहिले प्रमुख झाले. १८५१ मध्ये पदवी मिळविणाऱ्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. गोरगरिबांना फुकट औषध देणारे व प्राचीन लेख वाचणारे म्हणून त्यांचे नाव अजरामर आहे. त्याच तुकडीतील डॉ. अनंत चंद्रोबा यांनी पुढे मुंबईत देवी टोचण्याच्या कामात नाव मिळविले. १७७६ मध्ये कलकत्त्याच्या एका घरातून ज्या रोगाने दोन मुली नेल्या, त्याच रोगापासून मुंबईची बालके वाचविणारा मनुष्य त्या घराच्या नावाच्या कॉलेजातून बाहेर पडला.

१८३९ मध्ये लॉर्ड ग्लेनेल्ग यांनी भावाची बारा गीते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. मुंबईत १८४० मध्ये खुल्या झालेल्या रस्त्याला ग्रँट रोड हे नाव मिळाले. वडिलांचेच काम मुलांनी उचलले. सर चार्ल्स ग्रँट हा मुलगा मध्यप्रांतात अधिकारी झाला आणि त्याने संपादिलेले मध्यप्रांताचे गॅझेटियर १८७० मध्ये नागपुरास छापले गेले. वऱ्हाड-नागपूरकडील अभ्यासक अजून ते चाळतात.

रविवारच्या शाळेत मोठ्या माणसांची चरित्रे सांगताना आपण शिक्षक बहुधा त्यांचे गुणच सांगतो. मुलांपुढे उत्तम आदर्श असावा हा हेतू चांगलाच. पण मुले मोठी होतात, इतिहास वाचतात, आणि आपण झाकलेली बाजू त्यांना कळते तेव्हा चरित्राबरोबर शिक्षकावरचा विश्वासही जातो. ग्रँटसाहेबांची गोष्ट सांगायची तर यहूद्यांचे विधेयक, इंदापूरचा सारा, मेडिकल कॉलेज हे सारे सांगावे आणि सातारचे प्रकरणही सांगावे. मग वर्गातील मोठ्या मुलांना विचारावे की, प्रतापसिंह महाराजांच्या बाबतीत गव्हर्नरसाहेबांनी कोणते पाऊल टाकायला हवे होते? मुले अचूक उत्तर देतील, कारण मुलांना न्याय चटकन कळतो.

हा धडा केवळ गव्हर्नरांसाठी नाही. आपल्याही हाती थोडीबहुत सत्ता असते. कोणी मंडळीच्या पंचायतीत असतो, कोणी शाळेचा मुख्याध्यापक, कोणी कारखान्यात दहा माणसांवरचा मुकादम, कोणी घरात सासू-सासरा. एखाद्याविषयी कुजबुज कानावर येते, दोघेतिघे तसेच सांगतात, आणि ज्याच्याविषयी सांगितले जाते त्याला बोलावून विचारण्याआधीच आपले मत पक्के होते. मंडळ्यांतील किती भांडणे अशी सुरू झाली! मत्तयाच्या १८ व्या अध्यायात प्रभू येशूने भावाकडे आधी एकट्याने जाऊन बोलण्यास सांगितले आहे, ते याचसाठी. पुढच्या पंचायतीत कोणावर आरोप येईल तेव्हा त्याला समोर बसवून, त्याचे पुरते ऐकून घेऊन मगच निर्णय करावा. आणि ज्याच्या बाजूने बोलणारा कोणी नसेल त्याच्यासाठी आपल्यापैकी एकाने तरी उठून बोलावे. रॉबर्ट ग्रँट यांनी यांपैकी दुसरी गोष्ट लंडनमध्ये उत्तम केली, पहिली साताऱ्यात राहून गेली. दोन्ही आपल्या हातून घडाव्यात म्हणून परमेश्वर आपल्याला नम्र मन देवो.